भोपळ्याला शिवलेला कोट

मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतलेले होते, आणि हा माणूस इथे कोणीतरी लावलेला आहे, नीट खतपाणी मिळालं तर लवकरच याला फांद्या फुटतील, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली.

पाऊस असा कोसळत होता की वर आकाश म्हणून काही शिल्लक असेल यावर विश्वास बसू नये. आम्ही नुकतेच त्या घरात राहायला आलो होतो. गाद्या ओल्या, खोकी ओली, फक्त बायकोचा आवाज तेवढा कोरडा. तो चुकवायला मी मागच्या दारी आलो आणि भिंतीवरून सहज पलीकडे डोकावलो. पलीकडे परस नव्हतं, तळं होतं. तळ्याच्या मधोमध एक हाडकुळा माणूस ओणवा उभा होता. गळ्यात शिंप्याची मोजपट्टी. नाकावरून पाण्याची धार, हनुवटीवरून धार, चष्म्याच्या दोन काचांवरून दोन स्वतंत्र धबधबे. आणि हातात एक धडधाकट, उघडी, काळी छत्री. ती त्याच्या डोक्यावर नव्हती. एका पिवळ्या फुलावर होती.

"अहो, छत्री डोक्यावर घ्या!" मी ओरडलो.

"हळू!" तो माणूस दबक्या आवाजात म्हणाला. "लग्न लागतंय."

मी दोन्हीकडची मंडळी शोधू लागलो. तेव्हा त्याने दुसरा हात वर केला. त्या हातात आणखी एक फूल होतं, पाकळ्या काढून टाकलेलं. ते त्याने छत्रीखालच्या फुलात अलगद फिरवलं, गाल फुगवून श्वास सोडला आणि म्हणाला, "हे नराचं, ते मादीचं. एरवी मधमाश्या करतात, पण या पावसात त्या घराबाहेर पडत नाहीत. मग आम्हालाच मध्ये पडावं लागतं." एवढं बोलून त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "नवे शेजारी ना तुम्ही? गळा साडेसोळा. डावा खांदा उतरलाय. आणि पोटाचं म्हणाल तर…"

"राहू द्या," मी म्हणालो.

गावातल्या सगळ्या टेलरांना लोक मास्तर म्हणत, पण नुसतं 'मास्तर' म्हटलं की हेच. माणसाकडे पाहिलं की त्यांना आधी माप दिसायचं, मग माणूस. रस्त्यात भेटले तर 'कसे आहात' विचारायच्या आत ते तुमच्या बाह्यांची लांबी बघून घेत आणि कोणाच्या हातचं शिवण आहे ते ओळखून खेदाने मान हलवत. त्यांनी लावलेलं बटण तुटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. कोट फाटे, मालक म्हातारा होई, बटण जागच्या जागी. आणि रफू तर असं करत की कापड कुठे फाटलं होतं ते गिऱ्हाईकच विसरून जाई. मग मास्तर स्वतःच बोट ठेवून दाखवत, "इथे होतं. दिसतंय? नाही ना? नाहीच दिसणार!" ही दाखवायची खोड ध्यानात ठेवा. मास्तरीणबाई तिला खोड म्हणत नसत, आजार म्हणत.

त्याच संध्याकाळी मी कोरड्या काडेपेटीच्या शोधात मास्तरांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत दुकान: शिलाई मशीन, तीन पाखांचा आरसा, हँगरांवर बाह्या नसलेले कोट. मधली खोली म्हणजे स्वयंपाकघर, आणि त्याच्या बरोबर मध्ये एक भलं मोठं टेबल. या टेबलावर मास्तर कापड कापत, त्याच टेबलावर मास्तरीणबाई इस्त्री करत, आणि त्याच टेबलावर घर जेवत असे. मला बसवून समोर बशी ठेवली. मी पहिला घास घेणार एवढ्यात मास्तरीणबाई म्हणाल्या, "आधी जिभेने चाचपा बरं का. टाचणी असते कधीकधी."

"कधीकधी कुठे," मास्तर म्हणाले. "मागच्या आठवड्यात नव्हती."

"नव्हती कशी? होती. तुम्ही गिळली असेल."

मास्तरीणबाई ठेंगण्या, गोल, आणि बोलायला लागल्या की मशीनची टीप पडावी तशा सरळ आणि न थांबता बोलत. त्यांनी माझ्यासमोर सगळी कैफियत मांडली. मास्तरांना गेली कित्येक वर्षं भोपळ्याने झपाटलं होतं. साधा भोपळा नव्हे, राक्षसी भोपळा. लहान मूल आत बसवावं आणि वर झाकण लावावं, असा. गावात दरवर्षी भाज्यांचं प्रदर्शन भरायचं, त्यात सगळ्यात वजनदार भोपळ्याला मान. आणि तो मान दरवर्षी एकाच माणसाला: मास्तरांच्या व्याह्यांना.

व्याही म्हणजे बेकरीवाले. मास्तरांची लेक त्यांच्या मुलाला दिलेली. घराणं चांगलं, माणसं चांगली, पण त्यांचं घर चढावर, रस्त्याच्या अगदी वरच्या टोकाला. मास्तरांचं घर तळाशी. वर पडलेला पाऊस बेकरीच्या अंगणाला नुसता नमस्कार करून सगळा रस्ता उतरून खाली यायचा तो थेट मास्तरांच्या परसात मुक्कामाला. व्याह्यांच्या वेलीचे पाय कोरडे, मास्तरांची वेल कायम आंघोळीत. लेक बिचारी मधल्यामध्ये. तिला कोणीही विचारलं तरी तिचं एकच उत्तर, "दोन्ही भोपळे छान आहेत." एवढ्या बोलण्यावर ती दोन्ही घरांत सुखाने नांदत होती.

"यंदाचं शेवटचं," मास्तरीणबाई मला म्हणाल्या, पण ऐकवायचं मास्तरांना होतं. "व्याह्यांच्या समोर ठरलंय. यंदा यांचा पहिला नंबर आला तर परसात यांनी भोपळे लावावेत, नाहीतर हत्ती बांधावा, मी हूं की चूं करणार नाही. नाही आला, तर तिथे पत्र्याची शेड, खाली फरशी, आणि हे टेबल, ती इस्त्री, ते मशीन सगळं तिकडे. मला माझ्या घरात एकदा तरी डोळे मिटून घास घ्यायचाय हो!"

मास्तर खाली मान घालून बशीतली टाचणी बाजूला काढत होते.

मास्तरांचं दुर्दैव असं की त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. येतो येतो म्हणत राहिला आणि कुठेतरी परस्पर निघून गेला. त्याच्या जागी जो काही हंगाम आला तो थंडगार, चिकट आणि रडवा होता. सकाळी झिमझिम, दुपारी धो धो, संध्याकाळी विश्रांती म्हणून पुन्हा झिमझिम. वाळत घातलेले कपडे दोरीवरच म्हातारे झाले. भोपळ्याला ऊन लागतं आणि निचऱ्याची जमीन लागते. मास्तरांकडे या दोन्हींपैकी काहीच नव्हतं. त्यांच्याकडे फक्त हट्ट होता.

वेल त्यांनी उंच ढिगावर लावली होती. शेणखत, पालापाचोळा, वाळू, सगळं मिसळून केलेला तो ढीग पावसाने रोज थोडा बसायचा आणि मास्तर रोज तो पुन्हा उभा करायचे. भोवती त्यांनी चर खणले. चर खणताना आधी खडूने आखले, कारण सरळ रेषेशिवाय त्यांचा हातच चालत नसे. ओल्या मातीवर खडू उमटत नाही हे त्यांना समजावता समजावता मास्तरीणबाईंचा घसा बसला. चरांचं पाणी कुठेतरी जायला हवं होतं. ते भिंतीखालून आमच्याकडे आलं. माझ्या बायकोने त्यावर भिंतीपलीकडे चार खणखणीत शब्द पाठवले. मास्तरांनी उत्तरादाखल तिचं माप नुसत्या नजरेने घेतलं आणि एक असा झगा शिवून दिला की पाण्याला आमच्याकडेच येऊ द्यावं असं तिचं मत झालं.

तरी पानं पिवळी पडायला लागलीच.

"मुळांचा श्वास कोंडतोय," मास्तर म्हणाले आणि गोणपाट शिवायचा दाभण घेऊन वेलीच्या भोवती माती टोचत बसले. टोचायचे, थांबायचे, कान लावायचे.

"काय म्हणतात मुळं?" मी विचारलं.

"म्हणतात, शेजाऱ्याला म्हणावं बघत काय उभा राहिलास, बादली घे."

मी बादली घेतली. मास्तरीणबाई आधीच पातेलं घेऊन चरातलं पाणी उपसत होत्या. उपसत होत्या आणि बोलत होत्या. "सडू दे मेली वेल! शेड होईल माझी!" एक पातेलं. "टेबल जाईल तिकडे!" दुसरं पातेलं. "अहो, इकडे बघा, इकडून पाणी आत घुसतंय, तिकडे काय मख्खासारखे बसलात!" तिसरं. मला त्यांची बाजू नक्की कोणती ते त्या दिवशी कळलं नाही. मला वाटतं, त्यांनाही कळलं नव्हतं.

छत्रीखाली लग्न लागलेल्या त्या फुलाला फळ धरलं. मास्तरांनी वेलीवरची बाकीची फळं खुडून टाकली. एकच बारकं फळ मास्तरीणबाईंनी भाजीला म्हणून मागच्या बाजूला राखून ठेवलं. मुख्य भोपळा जमिनीला टेकून कुजू नये म्हणून त्याच्याखाली फळ्या आणि त्यावर वाळूची गादी. रोज सकाळी मास्तर मोजपट्टी घेऊन त्याच्याभोवती फिरत. "कंबर वाढली." "खांदा भरलाय." "उजवीकडे जरा झोळ आहे."

एके दिवशी मोजपट्टी हलेना. गारठा इतका पडला होता की भोपळा वाढायचा थांबला.

"थंडी वाजतेय त्याला," मास्तर म्हणाले, आणि दुकानात जाऊन दार लावून घेतलं.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कोट होता. जुन्या रेनकोटांचं कापड बाहेरून, आतून घोंगडीचं अस्तर, देठापाशी उभी कॉलर, समोर पितळी बटणांची रांग. बाजूंना आत दुमडलेल्या चुण्या, वाढत्या मुलाच्या गणवेशाला ठेवतात तशा. भोपळा वाढला की एकेक चुणी उसवायची. तो त्यांनी भोपळ्याला चढवला, कॉलर नीट केली, दोन पावलं मागे सरले आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"खिसा कशाला?" मी विचारलं.

"कोट आहे तो," मास्तर दुखावून म्हणाले. "कोटाला खिसा नसेल तर लोक काय म्हणतील?"

बातमी चढावर पोचायला वेळ लागला नाही. व्याही स्वतः बघायला आले. माणूस भारदस्त, पोट दाराच्या आधी आत येणारं, कपाळावर पिठाचा कायमचा पुसटसा डाग. त्यांनी कोट घातलेल्या भोपळ्याला एक प्रदक्षिणा घातली.

"मास्तर, आमच्याकडचं पाणी व्यवस्थित पोचतंय ना?"

"पोचतंय की. तुमच्या पिठाचा वास येतो त्याला."

"कोट छान झालाय. याचा पहिला नंबर नाही आला, तर निदान नोकरी तरी लागेल."

"हसा, व्याहीबुवा. माप बघितलंत का? तुमच्या कमरेच्या पुढे गेलाय तो."

व्याह्यांनी नकळत पोट आत घेतलं. "विहीणबाई," ते मास्तरीणबाईंकडे वळले, "शेडला पत्रा कोणत्या रंगाचा घ्यायचा ठरलं का?"

"तुम्ही आधी तुमचा भोपळा सांभाळा," मास्तरीणबाई फणकारल्या. "माझ्या पत्र्याचं मी बघेन."

कोटाने चमत्कार केला म्हणायचा. उबेत भोपळा पुन्हा वाढू लागला, आणि वाढू लागला तो थांबेना. मास्तर रोज चुणी उसवत, बटण सरकवत, देठाची कॉलर सैल करत. प्रदर्शन जवळ आलं. आणि नेमके तेव्हाच गावातले बँडवाले दुकानात शिरले. सगळ्यांना नवे पोशाख हवे होते: लाल डगले, सोनेरी काठ, खांद्यावर झुपके. तेही प्रदर्शनाच्या उद्घाटनाला. मास्तर मशीनला जुंपले गेले. कर्णेवाला असा जाडा की त्याच्या एका डगल्यात बासरीवाल्याचे दोन निघावेत. परसात जायला वेळ कुठला?

त्याच दिवसांत पाऊस एकाएकी थांबला आणि ऊन पडलं. खरंखुरं, पिवळंधमक. जमीन पाण्याने तुडुंब, वरून ऊन. भोपळा पिऊन पिऊन तट्ट फुगला. चुण्या उसवायला कोणी नव्हतं. कोट तंग झाला, अस्तर ताणलं गेलं, शिवण करकरू लागली. दुसऱ्या कोणा शिंप्याचा कोट असता तर बटणं टपाटप उडाली असती आणि भोपळा मोकळा झाला असता. पण ती मास्तरांनी लावलेली बटणं होती. ती हलली नाहीत. शेवटी दोघांपैकी एकाने माघार घेतली, आणि तो भोपळा होता.

मास्तरीणबाईंची हाक माझ्या घरापर्यंत आली. "अहो! लवकर या! तुमचा भोपळा उसवला!"

मी भिंतीवरून उडी मारली. मास्तर एका हातात सोनेरी झुपका घेऊन उभे होते. कोट काढलेला. कमरेपाशी भोपळ्याला एक ठसठशीत पट्टा उमटला होता, घट्ट पँट दिवसभर घातल्यावर उमटतो तसा. आणि पट्ट्याच्या वर, खांद्यावर, हाताच्या पंज्याएवढी फट. आत बोट घातलं तर पोकळीपर्यंत जात होतं. प्रदर्शनाचा नियम लहान मुलालाही पाठ होता: पोकळीपर्यंत भोक असलेला भोपळा बाद.

मास्तर फळीवर बसले. मला वाटलं, आता मास्तरीणबाई पत्र्याचा रंग सांगणार. त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुकानातली सगळ्यात बारीक सुई होती, मेणाचा गोळा होता आणि भाजीला राखून ठेवलेलं ते बारकं फळ होतं.

"एकाच वेलीचं आहे," त्या म्हणाल्या. "रंग जुळेल."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. "अगं, पण तुझी शेड…"

"सुईत दोरा ओवून देऊ की तुम्हाला दिसतंय?"

"ओवून दे."

मग जे झालं ते मी छत्री धरून जवळून पाहिलं; ऊन होतं, पण मास्तरांना सावली हवी होती. त्यांनी बारक्या फळाची साल फटीच्या मापाने कापली. कागदावर आधी साचा काढला. शिवणीत धरायला कडेने थोडी जास्तीची माया ठेवली. साल बसवली, काढली, केसाएवढी तासली, पुन्हा बसवली. दोरा मेणातून ओढला आणि आतल्या बाजूने टाके घालायला सुरुवात केली. टाका दिसत नव्हता. सुई दिसत नव्हती. थोड्या वेळाने फटही दिसेना. शेवटी बोटाने मेण घासून त्यांनी सालीवरच्या रेघा एकमेकींना जुळवल्या आणि वर फुंकर घातली.

"कुठे होतं?" त्यांनी मला विचारलं.

मी बोट ठेवलं.

"चूक!" मास्तर आनंदाने ओरडले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की भोपळ्याचं काय व्हायचं ते होवो.

"कोणाला बोलायचं नाही," मास्तरीणबाईंनी आम्हा दोघांना बजावलं. बोट मात्र फक्त मास्तरांपुढे नाचवलं.

भोपळा प्रदर्शनाला न्यायचा कसा हा पुढचा प्रश्न. एवढं धूड वाहून नेईल अशी गाडी गावात एकच होती, बेकरीची. व्याही दिलदार माणूस. स्वतःचा भोपळा एका बाजूला ठेवून ते गाडी घेऊन हजर झाले. आमची थोडी भिंत पाडावी लागली. माझी बायको नव्या झग्यात उभी राहून विटा कुठे रचायच्या ते सांगत होती. भोपळा गाडीत चढवल्यावर व्याह्यांनी प्रेमाने त्याच्या खांद्यावर थाप मारली. बरोबर तिथेच. मास्तरीणबाईंना खोकल्याची उबळ आली.

"कमरेला हे काय झालंय?" व्याह्यांनी विचारलं.

"तुमच्यावर गेलाय," मास्तर म्हणाले.

प्रदर्शन शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होतं. लाल डगल्यांचा बँड वाजत होता. मास्तरांचं अर्धं लक्ष भोपळ्यावर, अर्धं कर्णेवाल्याच्या पाठीवर; फुंकर मारताना शिवण धरते का ते बघत होते. गाजरं, कोबी, कांदे यांचे निकाल लागले आणि सगळी गर्दी भोपळ्यांकडे सरकली. पट्ट्यांनी उचलून एकेक भोपळा काट्यावर ठेवला गेला. व्याह्यांच्या भोपळ्याला 'अबब' झालं. मग मास्तरांचा चढला. काटा व्याह्यांच्या आकड्यापाशी आला, घुटमळला आणि पुढे गेला. फार नाही, पण गेला. सगळ्या पावसाळी हंगामाचं पाणी पोटात घेऊन बसलेला भोपळा तो, जाणारच.

मास्तरीणबाईंनी माझ्या बायकोचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या वाकल्या.

राहिली तपासणी. परीक्षकबाई बुटक्या, कडक, चष्मा कपाळावर आणि हातात टॉर्च. त्या भोपळ्याभोवती गुडघ्यांवर फिरल्या. बोटाच्या पेराने टकटक केली. खाली वाकून बुडाचा वास घेतला. खांद्यापाशी आल्या, टॉर्च मारला आणि पुढे गेल्या. मी श्वास सोडला. बाई उभ्या राहिल्या, गुडघे झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आश्चर्य आहे! इतका पाऊस, इतका गारठा, आणि सालीवर एक ओरखडा नाही. ही खरी निसर्गाची किमया!"

मास्तरांच्या कपाळावर एक आठी उमटली.

"निसर्ग कसला," व्याही उदार मनाने, पण जरा तोंड वाकडं करून म्हणाले. "नशीब म्हणा. मास्तरांनी काय केलं? नुसता कोट घातला."

दुसरी आठी उमटली. मास्तरीणबाईंनी मागून मास्तरांना असा चिमटा काढला की मलाच कळ आली.

"निसर्गाची किमया?" मास्तर म्हणाले.

"अहो," मास्तरीणबाई दातांतल्या दातांत म्हणाल्या, "घरी चला."

"थांब गं. बाई, जरा परत या इकडे. या सालीत निसर्गाची किती आणि माझी किती, एवढं फक्त दाखवा ओळखून."

परीक्षकबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पुन्हा गुडघ्यांवर बसल्या. टॉर्च, बोट, नख, सगळं करून झालं. "मला काही दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"व्याहीबुवा, तुम्ही बघा."

व्याह्यांनी वाकता येईल तितकं वाकून पाहिलं. मग कांद्यांमध्ये पहिली आलेली आजी पुढे आली. मग गाजरवाले. मग ढोल खाली ठेवून बँडवाले. जो तो बोट ठेवायचा आणि मास्तर म्हणायचे, "चूक! पुढचा!" त्यांचा आवाज चढत चालला होता, मान ताठ झाली होती. मास्तरीणबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला होता, पण त्या पदराच्या आडून एका डोळ्याने बघत होत्या कोणाला सापडतंय का ते.

कोणालाही सापडलं नाही.

मग मास्तरांनी खिशातून खडू काढला आणि भोपळ्याच्या खांद्यावर एक सुबक गोल काढला. "इथे. पंज्याएवढं फाटलं होतं, आरपार. रफू केलंय. आतून टाके आहेत. दिसतात? नाहीच दिसणार!"

टाळ्या अशा पडल्या की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. कर्णेवाल्याने एक लांबलचक सूर काढला आणि त्याची शिवण टिकली. मास्तरांनी चारी दिशांना मान लववली. एवढा मान त्या हॉलमध्ये आजवर कुठल्याही भाजीला मिळाला नव्हता.

टाळ्या संपल्यावर परीक्षकबाईंनी घसा खाकरला. "आरपार म्हणालात ना?"

"अगदी आरपार!" मास्तर म्हणाले, आणि मग त्यांचं तोंड हळूहळू मिटलं.

घरी जाताना आम्ही चौघं चढावरून खाली चालत निघालो. बेकरीची गाडी भोपळा घेऊन मागून हळूहळू येत होती.

"पण सापडलं नाही कोणाला," मास्तर म्हणाले.

"गप्प बसा आता."

"अगं, पण सापडलं का?"

मास्तरीणबाई थोडं चालल्या. "नाही हो सापडलं," त्या म्हणाल्या. "त्या कांदेवाल्या म्हातारीचं बोट तर किती लांब होतं."

"लांब होतं ना?"

"दुसऱ्याच बाजूला होतं."

पहिला नंबर व्याह्यांचा आला. पुढच्या महिन्यात मास्तरांच्या परसात हिरव्या पत्र्याची शेड उभी राहिली, खाली राखाडी फरशी बसली, आणि टेबल, इस्त्री, मशीन तिकडे गेलं. भोपळा कापल्यावर पाणचट निघाला. तो कोणीही दुसऱ्यांदा वाढून घेतला नाही.